सव्वातीन इंच

गेल्या महिन्यात लाल लोकरी कापडाचा एक तुकडा रिंगवर ताणला, त्यावर खडूने रोमन लिपीतला मोठा ‘ए’ काढला आणि पट्टीने मोजून पाहिला. दोन्ही पाय सव्वातीन सव्वातीन इंच. माप माझं नाही, अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्नचं. ‘द स्कार्लेट लेटर’ (लाल अक्षर) या कादंबरीला त्याने जे लांबलचक प्रास्ताविक जोडलंय, त्यात सेलम गावच्या कस्टम हाउसमध्ये, म्हणजे जकातीच्या कचेरीत, निवेदकाला जुन्या कागदांच्या ढिगात एक चिंधी मिळते. लाल कापड, कसरीने खाल्लेलं. जरीची चमक जवळपास गेलेली. तो ती उलटसुलट करून पाहतो आणि मग कस्टमवाल्याच्या सवयीने मोजतो. प्रत्येक पाय बरोबर सव्वातीन इंच.

इतक्या गाजलेल्या प्रतीकाचं माप लेखकाने गोष्ट सुरू व्हायच्या आधीच देऊन ठेवलंय आणि मी ते तीस वर्षं वाचलंच नव्हतं. कारण बी.ए.ला असताना आम्हाला सांगितलं होतं, प्रास्ताविक सोडा, परीक्षेला येत नाही.

परीक्षेला यायचं ते ‘प्रतीकांची चर्चा करा’. 15 मार्क. माझ्याकडे एक गाइड होतं, त्यात चक्क तक्ता होता. लाल अक्षर म्हणजे पाप. जंगल म्हणजे स्वातंत्र्य. तुरुंगाच्या दाराशी फुललेला रानगुलाब म्हणजे करुणा. पर्ल म्हणजे चालतंबोलतं पाप. डावीकडे वस्तू, उजवीकडे अर्थ, मधे रेघ. मी तक्ता पाठ केला, 11 मार्क मिळवले आणि हेस्टर प्रिन या नायिकेला विसरून गेले.

नंतर आयुष्य सुईवरच गेलं. भरतकामाच्या ऑर्डरी घेते, जुन्या कपड्यांवरचं विरलेलं काम दुरुस्त करून देते. मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं. सहा आठवडे सुईला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा भाचीने फोनमध्ये ही कादंबरी वाचून दाखवणारं कायसं घालून दिलं. म्हणजे दुसऱ्यांदा मी ती वाचली नाही, ऐकली. आणि ऐकताना पहिल्यांदा लक्षात आलं की पुस्तकभर कोणीतरी शिवतंय.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी एवढंच: 1640च्या दशकातलं बॉस्टन, कडक प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती, वस्ती. हेस्टरचा नवरा तिला पुढे पाठवून मागे राहिलाय, दोन वर्षं त्याचा पत्ता नाही. तिला मुलगी होते, पर्ल. बाप कोण ते ती सांगत नाही. शिक्षा म्हणून तिने चौथऱ्यावर तीन तास उभं राहायचं आणि जन्मभर छातीवर ‘ए’ लावायचा. ज्या गुन्ह्याचं ते आद्याक्षर आहे, तो शब्द, ‘ॲडल्टरी’ म्हणजे व्यभिचार, हॉथॉर्न सबंध कादंबरीत एकदाही लिहीत नाही. बाप म्हणजे वस्तीचा लाडका धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल. आणि हरवलेला नवरा नेमका त्याच दिवशी गर्दीत येऊन उभा राहतो आणि पुढे रॉजर चिलिंगवर्थ या नावाने वैद्य म्हणून राहतो.

आता ते पहिलं दृश्य. तुरुंगाचं दार उघडतं, कडेवर तीन महिन्यांची पोर घेऊन हेस्टर बाहेर येते. अंगावरचा पोशाख तिने या दिवसासाठी तुरुंगात बसून स्वतः शिवलाय. छातीवर तलम लाल कापडाचं अक्षर आणि त्याच्याभोवती सोनेरी जरीची भरघोस वेलबुट्टी. हॉथॉर्न मुद्दाम सांगतो, वसाहतीच्या कपड्यांविषयीच्या नियमांत बसेल त्याच्या कितीतरी पलीकडचं काम होतं ते. हे नियम खरेच होते. मॅसॅच्युसेट्सच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिथल्या विधिमंडळाने, 1634मध्ये सोन्याचांदीच्या लेसचे कपडे शिवायला आणि विकत घ्यायला मनाई केली होती. आणि अक्षर लावायची शिक्षाही खरी. शेजारच्या प्लिमथ वसाहतीच्या 1658च्या कायद्यात ‘ए’ आणि ‘डी’ अशी दोन अक्षरं कापडातून कापून वरच्या कपड्यावर, दंडावर किंवा पाठीवर, शिवून लावायची, असं लिहिलंय.

कापडातून कापून शिवून लावायची. बस. जरीचा उल्लेख कुठल्या कायद्यात असणार?

मला वाटतं सगळं पुस्तक इथेच आहे. अक्षर न्यायाधीशांनी ठरवलं. त्याचा अर्थही त्यांनीच ठरवला, किंवा त्यांना तसं वाटलं. कसं भरायचं ते मात्र हेस्टरने ठरवलं. जर आणली कुठून, याबद्दल हॉथॉर्न चकार शब्द काढत नाही. एखादं जुनं वस्त्र उसवून काढली असेल का, असा विचार मी दोन दिवस करत होते. कथानकाला त्याची गरज नाही हे मान्य, पण मला होती.

दाराबाहेर जमलेल्या बायकांना मात्र काम बरोबर कळतं. एक म्हणते, हात चांगला आहे हो बाईचा, पण अशी शिक्षेची मिरवणूक करायची म्हणजे निर्लज्जपणाच. दुसरी, सगळ्यांत खडूस, म्हणते की हिच्या अंगावरचा भारी झगा फाडायला हवा, आणि या अक्षराऐवजी माझ्या संधिवाताच्या फ्लॅनेलची चिंधी देते मी, ती शोभेल. तिसरी तरुण आहे, तिचा हात धरून तिचं मूल उभं आहे. ती हळूच म्हणते, या अक्षरातला एकेक टाका तिच्या काळजात रुतला असेल.

या वाक्याला आम्ही परीक्षेत ‘सहानुभूती’ म्हणून अधोरेखित करायचो. काम करणाऱ्या बाईला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. खरी जर म्हणजे चांदीची मुलामा दिलेली बारीक पट्टी, रेशमाच्या दोऱ्याभोवती गुंडाळलेली. ती सुईत ओवून कापडातून आरपार ओढली की गुंडाळी सुटते, नासते. म्हणून जर कापडावर नुसती ठेवायची आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजाग बांधून धरायची. असं केलेलं काम उलटं करून पाहा, मागे सोनं नसतंच. फक्त बांधणाऱ्या दोऱ्याचे टिपके आणि गाठी. हेस्टरच्या अक्षराची चकाकी बाहेरच्यांना. तिच्या अंगाला लागायच्या त्या गाठी.

आता हॉथॉर्नला हे सगळं ठाऊक होतं असा माझा दावा नाही. प्रास्ताविकात तो म्हणतो, जाणकार बायकांनी मला सांगितलं की या चिंधीतला टाका ही आता विसरली गेलेली कला आहे, धागे उसवून पाहिले तरी ती परत सापडायची नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही. उसवल्यावर न कळणारा टाका मी आजवर पाहिलेला नाही. बायकांनी बहुधा साहेबांना चिंधी उसवायची परवानगी दिली नसेल, आणि बरंच केलं. पण सुईकडे तो लक्ष देऊन बघत होता हे नक्की. या कादंबरीआधी दहाबारा वर्षं त्याने एक लघुकथा लिहिली होती. त्यात गर्दीत एक क्षण दिसते अशीच एक तरुणी, छातीवर लाल ‘ए’, तोही जरीने सुरेख भरलेला. तिथे तो म्हणतो, बघणाऱ्याला वाटावं हे अक्षर ‘ॲडमिरेबल’चं आहे. म्हणजे त्याच्या डोक्यात कथानकाआधी काय आलं होतं, तर जर.

शिक्षेनंतर हेस्टर गाव सोडून जाऊ शकत होती. ती जात नाही, वस्तीच्या टोकाला समुद्राकाठच्या एका खोपटात राहते आणि पोटासाठी शिवते. तिच्या ऑर्डरींची यादी वाचण्यासारखी आहे. गव्हर्नरच्या गळपट्टीचं काम तिचं, शिपायांच्या पट्ट्यांवरचं तिचं, पाद्र्यांच्या कपड्यांवरचं तिचं, बाळांच्या टोपड्यांवरचं तिचं, मेलेल्यांच्या कफनावरचंही तिचं. जन्मापासून मरणापर्यंत सगळ्या वस्तीच्या अंगावर या बहिष्कृत बाईचा हात. एकच काम तिच्याकडे कधी आलं नाही, नवरीच्या डोक्यावरचा पांढरा बुरखा. हॉथॉर्न तिथे लांबलचक उपदेश करत नाही, एका वाक्यात आटपून पुढे जातो. एरवी तो उपदेशाची एकही संधी सोडत नाही, म्हणून सांगतेय.

आणि हातमोजे! सातव्या प्रकरणात हेस्टर गव्हर्नर बेलिंगहॅमच्या वाड्यावर जाते. कानावर आलंय की पर्लला तिच्यापासून काढून घ्यायचं चाललंय. पण जाताना निमित्त काय, तर गव्हर्नरांनी सांगितलेले हातमोजे भरून झालेत, ते द्यायचेत. ज्याच्यापुढे आपल्या पोरीसाठी भांडायचं त्याच्याच हातांसाठी नक्षी काढलेली. ऑर्डर पोचवताना पैशाचा किंवा भलताच कुठला विषय काढायचा असतो तेव्हा पोटात कसं होतं हे मला माहीत आहे. हेस्टरचं तिथलं भांडण ऐकताना माझं लक्ष सारखं त्या मोज्यांकडे होतं. दिले का तिने? की हातातच राहिले?

त्याच वाड्यात भिंतीशी एक चिलखत उभं आहे. त्याच्या फुगीर छातीपत्र्यात हेस्टरचं प्रतिबिंब पडतं. अक्षर अवाढव्य दिसतं आणि त्याच्यामागे ती जवळजवळ नाहीशी होते. गाइडमध्ये हे होतं. समाजाची नजर वगैरे. बरोबर आहे, त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

पण पर्लबद्दल आहे. या मुलीवर टीकाकारांनी फार अन्याय केलाय. तक्त्यात तिला ‘पापाचं जिवंत प्रतीक’ म्हणून टाकलं की तिचं बोलणं, किंचाळणं, हट्ट, सगळंच मग सैतानी वाटायला लागतं. नीट बघा. तान्ही असताना तिची नजर पहिल्यांदा ठरली ती आईच्या छातीवरच्या जरीवर. तिने हात पुढे केला आणि हसली. चमकणारी गोष्ट दिसली की कुठलंही बाळ हेच करतं. हेस्टरच्या मात्र काळजात चर्र होतं. पुढे ही मुलगी रानफुलं घेऊन अक्षरावर नेम धरून मारते. कपड्याला चिकटणारी ती काटेरी रानफळं अक्षराच्या रेघांवर एकेक करून ओळीने चिकटवते. समुद्राकाठी सापडलेल्या हिरव्या गवताचा स्वतःच्या छातीवर ‘ए’ करते आणि आईला दाखवायला धावते. मला यात एकच गोष्ट दिसते. आईचं काम बघत वाढलेली मुलगी काम शिकतेय. हिरव्या ‘ए’बद्दल आई म्हणते की तुझ्या छातीवर याला अर्थ नाही. लेकीला अर्थ नकोच होता, नमुना हवा होता.

स्वतः काळ्याकरड्या जाड्याभरड्या कपड्यात राहणारी हेस्टर पर्लला लालभडक मखमलीचा अंगरखा शिवते, वर जरीची वेलबुट्टी. लोक म्हणतात, अक्षरच चालत आलं. मला वाटतं उरलेली जर तिने जिथे खर्च करावीशी वाटली तिथे केली.

आता ज्या जागेमुळे मी हे सगळं लिहायला बसले ती जागा. अठरावं प्रकरण. सात वर्षं झालीत. जंगलात हेस्टर आणि डिम्सडेल भेटतात, बोटीने पळून जायचं ठरवतात. आणि हेस्टर छातीवरचं अक्षर काढून दूर फेकते. टोपी काढते, दाट काळे केस खांद्यावर पडतात, लगेच ऊन येतं, जंगल उजळतं. हॉथॉर्नचं ऊन नेहमी असं वेळेवर येतं.

कसं काढते पण? मी ती जागा तीनदा मागे नेऊन ऐकली. ती अक्षराची अडकवणी सोडते. क्लॅस्प. म्हणजे ते शिवलेलं नव्हतं.

साहजिकच आहे म्हणा. झगे बदलायचे, धुवायचे, अक्षर तर एकच. पण त्याचा हिशेब करा. रोज रात्री ते निघत असणार आणि रोज सकाळी तिच्याच हाताने परत लागत असणार. सात वर्षं म्हणजे अडीच हजारांहून जास्त सकाळी. खोपट गावाबाहेर, एखाद्या दिवशी दुपारपर्यंत नसतं लावलं तर कुणाला कळलं असतं? शिक्षा फर्मावणाऱ्यांनी एकदा फर्मावलं. रोज अंमलात आणायचं काम तिच्या बोटांचं. प्लिमथच्या कायद्यात शिवलेलं अक्षर होतं, हॉथॉर्नने त्याला अडकवणी लावली. त्याने हे विचार करून केलं की जंगलातल्या दृश्यासाठी सोयीचं म्हणून केलं, मला फरक पडत नाही.

आणि मग पर्ल येत नाही. ओढ्याच्या पलीकडे उभी राहून ती आईच्या मोकळ्या छातीकडे बोट दाखवते, पाय आपटते, किंचाळते. अक्षर उचलून आण म्हटलं तर म्हणते, तूच ये आणि उचल. तक्त्याप्रमाणे हा पापाने पिच्छा न सोडल्याचा पुरावा. पण या पोरीने जन्मल्यापासून आईला त्या चकाकीशिवाय पाहिलेलं नाही. केस सोडलेली, अक्षर नसलेली, त्या धर्मोपदेशकाशेजारी हसत बसलेली ही बाई कोण? हेस्टर उठते, अक्षर उचलते, अडकवते, केस टोपीत कोंबते. मग पर्ल ओढा ओलांडून येते, आईचा मुका घेते आणि त्या अक्षराचाही घेते. डिम्सडेलने घेतलेला मुका मात्र ती ओढ्यात धुऊन टाकते. सात वर्षांच्या मुलीची पारख चांगली आहे.

डिम्सडेलबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही हे एव्हाना कळलं असेल. हा माणूस कायम छातीवर हात दाबून असतो. एकांतात स्वतःला चाबकाने मारून घेतो. मध्यरात्री कोणी नसताना त्याच चौथऱ्यावर जाऊन उभा राहतो आणि तिथे एक हातमोजा विसरून येतो. सकाळी देवळाचा सेवक तो आणून देतो, वर म्हणतो की सैतानाने तुम्हाला बदनाम करायला टाकला असणार. त्या रात्री आभाळात उल्केच्या उजेडाचा ‘ए’ दिसतो. डिम्सडेलला तो आपल्यासाठी वाटतो. गावकऱ्यांना तो ‘एंजल’चा वाटतो, कारण त्याच रात्री गव्हर्नर विन्थ्रप वारलेत. एक अक्षर, दोन अर्थ, सगळ्या वर्गाने हे पेपरात लिहिलं. पण त्या रात्री हेस्टर तिथे कशी पोचली ते कुणीच लिहिलं नाही. ती विन्थ्रप यांच्या मरणशय्येपाशी होती, अंगावर घालायच्या शेवटच्या वस्त्राचं माप घेऊन परतत होती. लोक आभाळातला ‘ए’ वाचत होते, तिच्या डोक्यात माप होतं.

चिलिंगवर्थ मला त्यापेक्षा सरळ वाटतो. एक खांदा वर, एक खाली. हात कायम काहीतरी उपटणारे, उकलणारे. झोपलेल्या डिम्सडेलच्या छातीवरचं वस्त्र तो बाजूला सारून बघतो, त्या एका हालचालीत सगळं आलं. शेवटी तो मरताना आपली इकडची तिकडची सगळी मालमत्ता पर्लच्या नावे करून जातो. ते का, हे मला अजून उलगडलेलं नाही आणि गाइडमध्येही नव्हतं.

हॉथॉर्नविषयी थोडं. सेलममध्ये 1692मध्ये चेटकिणी म्हणून बायकांवर खटले चालले, त्यातला एक न्यायाधीश जॉन हाथॉर्न हा त्याचा पूर्वज. 1849मध्ये सरकार बदललं, त्याची कस्टममधली नोकरी गेली आणि त्याच उन्हाळ्यात आई वारली. त्यानंतर काही महिन्यांत त्याने हे लिहिलं. बायको सोफिया चित्रकार होती. त्या काळात ती दिव्यांच्या शेडांवर चित्रं रंगवून विकत होती, म्हणजे तिथेही घर कुणाच्या बोटांवर चाललं होतं बघा. शेवट लिहून झाल्यावर त्याने तिला वाचून दाखवला, तर ती डोकं धरून झोपायला गेली. हा त्याने मोठा विजय मानला. 1850च्या मार्चमध्ये पुस्तक आलं आणि पहिल्या 2,500 प्रती दहा दिवसांत संपल्या.

माझा ‘ए’ अर्धाच झालाय. दोन्ही पाय भरले. टोकाशी जर वळवताना दोनदा मोडली, उसवून परत केली. लाल कापडावर तिथे भोकं राहिलीत, ती आता जायची नाहीत. एका पायाला अकरा संध्याकाळी लागल्या. दुसऱ्याला सात.

शेवटच्या प्रकरणात हेस्टर पर्लला घेऊन समुद्रापार जाते आणि वर्षांनंतर एकटीच परत येते, त्याच खोपटात. आता तिच्यावर सक्ती करील असं कोणी उरलेलं नाही. ती अक्षर पुन्हा अडकवते. का, याची हॉथॉर्नने दिलेली कारणं मला थोडी गोडगोड वाटतात. कादंबरीच्या अगदी शेवटी हेस्टरचं थडगं आहे, त्यावर कोरलेलं चिन्ह: काळ्यावर लाल ‘ए’. सोनं तिथे नाही. कस्टम हाउसमधल्या चिंधीवरही ते जवळपास उरलं नव्हतं.

ते त्याच्या थोडं आधी एकदा दिसतं. कुणीतरी हेस्टरला खोपटात बसून बाळाचं अंगडं भरताना पाहतं. जर इतकी सढळ हाताने वापरलेली, की त्या वस्तीत असं अंगडं घातलेलं मूल दिसतं तर गावात गोंधळ माजला असता. पण ते त्या वस्तीतल्या कुणासाठी नव्हतंच. समुद्रापार पर्लकडे जायचं होतं.